ठमाबाईचा थांबा

झाडाखालचा पाला आणि नोकरीतले किस्से, दोन्ही साचतच राहतात. आज झाडून लख्ख करावं, तर उद्या पुन्हा तेवढेच! मी खालापूरकडच्या एका विद्यापीठात माळी होतो, त्यामुळे दोन्ही माझ्याकडे भरपूर.

तिथे एका वर्षी ‘कर्मचारी कल्याण’ सुरू झालं. माणूस खूश असला की काम चांगलं करतो, असं आमच्या रजिस्ट्रार साहेबांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. त्यांनी आम्हा माळी-झाडूवाल्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि विचारलं, “तुम्हाला काय हवंय? मोकळेपणाने सांगा.”

झाडूवाली ठमाबाई उठली. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून ती रोज तासभर चालत यायची. गुडघे पार गेलेले. खोपोलीहून येणारी स्टाफची बस तिच्या वाडीच्या फाट्यावरूनच जायची, पण थांबायची नाही.

“साहेब, गाडी आमच्या फाट्यावर थांबवा. बाकी कायबी नको.”

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात आम्हाला गमबूट मिळाले!

*

बूट सगळ्यांना एकाच मापाचे. ठमाबाईचे दोन्ही पाय एका बुटात मावले असते. तिने ते घरी नेले, ते परत काही दिसले नाहीत.

पावसाळा संपता संपता साहेबांनी मुद्दाम थांबून चौकशी केली, “काय ठमाबाई, बूट उपयोगी पडले का?”

“लय उपयोगी! माती भरून अंगणात ठेवलेत. एकेकात पावशेर मिरची निघाली!”

*

मग आला योग. कामाचा ताण जावा म्हणून दुपारी चार वाजता हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. शिकवायला पुण्याहून एक ताई आल्या. शेवटी त्यांनी सगळ्यांना पाठीवर पडून डोळे मिटायला सांगितलं.

माझा जोडीदार नामदेव असा पडला की हात हलेना, पाय हलेना. ताई हरखून गेल्या. “बघा, शवासन असं हवं! दादा, कुठे शिकलात?”

नामदेव दचकून उठला. “शिकायचं काय त्यात? लायब्ररीमागच्या आंब्याखाली रोजच करतो!”

दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझर दुपारचा आंब्याखालून चक्कर मारायला लागला.

*

नंतर नियम निघाला, ज्याचा वाढदिवस त्याला अर्धी रजा आणि केक. साहेबांची फार आवडती योजना ही.

एक जूनला दुपारी बारानंतर विद्यापीठात झाडायला माणूस नाही, पाणी घालायला माणूस नाही! साहेब धावत फाटकाशी आले. आम्ही अकरा जण केकचा एकेक तुकडा कागदात गुंडाळून घरी निघालेलो.

“अरे, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा?”

ठमाबाई म्हणाली, “आया येगळ्या हायेत, साहेब. शाळेत नाव घालणारा मास्तर येकच व्हता!”

*

वर्षअखेरीला एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या. सोयींमुळे कर्मचारी किती समाधानी झाले, ते त्यांना मोजायचं होतं. आम्हाला वाचायला वेळ लागतो, म्हणून त्या स्वतःच प्रश्न वाचून दाखवत होत्या.

“ठमाबाई, या सगळ्या सोयींमुळे कामावर यावंसं वाटतं का?”

“यावंसं तर पयल्यापासून वाटतं, बाय. यावं कसं, ते इचार ना!”

मॅडमना ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्याच चौकटी दिलेल्या. त्यांनी ‘हो’वर खूण केली. साहेब खूश झाले. ठमाबाईने त्यांना पुन्हा फाट्याचं विचारलं, तर म्हणाले, “थांबा मंजूर यादीत नाही गं. माझ्या हातात असतं तर...”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चालायला लागली. मला ते बघवेना.

*

त्याच आठवड्यात कुंड्या रंगवायचा माझा गेरू अर्धा डबा कमी भरला. मी कोणाला विचारलं नाही.

आमचा बसचा ड्रायव्हर बाळाराम भारी देवभोळा. वाटेवरच्या एकाही देवाला हात जोडल्याशिवाय पुढे जायचा नाही. मी शिळफाट्याला बसमध्ये चढायचो, ते नेहमी त्याच्या मागच्या सीटवर. एका सकाळी वाडीच्या फाट्यावर त्याने कचकन ब्रेक दाबला. रस्त्याकडेला एक दगड उभा होता. लालभडक. वर दोन फुलं.

“इथं देव हाय? आन् मी इतकी वर्सं तसाच जायचो!” बाळाराम चपला काढून खाली उतरला. तो डोळे मिटून उभा होता, तेवढ्यात ठमाबाई शांतपणे मागच्या दाराने आत चढली.

दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच. हळूहळू प्रोफेसर मंडळीही खिडकीतून हात जोडायला लागली.

एकदा साहेबांची गाडी बंद पडली, म्हणून ते आमच्या बसने आले. फाट्यावर बस थांबली तसे तेही उतरले, दगडापुढे वाकले, नारळासाठी पैसे ठेवले. वर आले तर शेजारच्या सीटवर ठमाबाई.

“ठमाबाई, हा तुमच्या वाडीचा देव ना? पावतो का गं?”

ठमाबाईने पदर सारखा केला, पाय लांब सोडले.

“पावतो की, साहेब. रोज सव्वाआठला!”