काकूंचा अंगठा आणि बिनबटणांची काच

माझ्या घरमालकीणबाईंचा उजवा अंगठा कुठलंच यंत्र ओळखत नव्हतं. त्यांचे यजमान एका कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांची पेन्शन काकूंना मिळू लागली, आणि त्यासाठी दरवर्षी आमच्या भुकूमच्या सेवा केंद्रात जाऊन आपण हयात आहोत असा दाखला द्यावा लागतो. दाखला द्यायचा अंगठ्यानं. अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. "आजी, तुमचा अंगठा खराब झालाय," असं केंद्र चालवणारे गृहस्थ मोठ्यानं सांगायचे, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग दहाही बोटं आळीपाळीनं ठेवून बघायची, तेव्हा कधीतरी एखादं लागायचं.

"मी जिती हाय, ह्ये त्या मशीनला सोडून समद्यांना ठावं हाय," काकू हसत सांगायच्या. मीही हसायचे. त्याच गोष्टीवरून मी त्यांना दुखावलं, ते नंतर.

मी मूळची बार्शीची. आमच्या घराला लागून मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची शेड, चार मशीन आणि प्रचंड उकाडा. तिथं मुली येत नसत, पण मी पडले मालकाची भाची. मारामारीचे गेम खेळतच मी लहानाची मोठी झाले. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली सहा बटणं. दांडी कुठवर फिरली ते मनगटाला कळायचं, बटण लागलं की टक वाजायचं, आणि डोळे समोरच्यावरून हलवायची गरजच पडायची नाही. त्यामुळे फोनच्या काचेवर मारामारीचे गेम खेळणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट होतं, आणि ते मी न विचारता सगळ्यांना सांगत असे. माझं तोंड फटकळ आहे. आईच्या मते ते आत्यावर गेलंय, आत्याच्या मते आईवर.

तर अशा मला काम मिळालं ते नेमकं ह्याच गोष्टीचं. बावधनला आठ माणसांची एक छोटी कंपनी आहे. त्यांनी कॉम्प्युटरवरचा मारामारीचा गेम केला होता, चांगला केला होता. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं आणि जूनमध्ये सरांनी समोर बसवून सांगितलं, "हा गेम फोनवर, काचेवर, नीट खेळता येतो का ते बघ. येत असेल तर ऑगस्टमध्ये करून दाखव. नसेल तर तसं सांग, आपण तो नाद सोडू." नाद सोडला की माझ्यासाठी दुसरं काम नव्हतं. तेही त्यांनी सांगितलं, सरळ माणूस. इकडे वडिलांनी बजावलं होतं की गणपतीपर्यंत कायम झाली नाहीस तर सामान बांधून घरी यायचं. बार्शीत बँकेच्या परीक्षेचा क्लास आणि मुलांच्या पत्रिका, दोन्ही तयार होतं. म्हणजे जे कधीच जमणार नाही असं मी दहा वर्षं छाती ठोकून सांगत होते, ते जमलं तरच मी इथं राहणार होते.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. काचेवर डावीकडे एक मोठं वर्तुळ काढलं, उजवीकडे चार लहान. ऑफिसातल्यांना खेळायला दिलं तर दोन मिनिटांत सगळ्यांचे डोळे आपापल्या अंगठ्यांवर. अंगठे वर्तुळावरून घसरत होते आणि ते कुठं गेले हे शोधेपर्यंत समोरचा बडवून मोकळा होत होता. काचेला कड नसते. बोटाला कळेल असं तिच्यावर काहीच नसतं. वर्तुळं मोठी केली तर अंगठ्याखाली अर्धं चित्र झाकायचं, लहान केली तर सापडेनात. बटण लागलं की फोन थरथरेल अशी सोय केली, तर थरथर सगळ्या फोनभर पसरायची, बोटाखाली यायचीच नाही. 'मी म्हटलंच होतं' असं वाटून मला क्षणभर बरं वाटायचं, आणि लगेच सामान बांधायचं आठवायचं.

ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही अशांनाही देऊन बघ, असं सरांनी सांगितलं होतं. काकू रोज संध्याकाळी माझ्या खोलीत चहा घेऊन येत. खाली त्या एकट्या, वर मी एकटी. मी त्यांच्या हातात फोन दिला. कासोटा घातलेली, हातात भाला असलेली बाई त्यांनी निवडली आणि वर्तुळावर अंगठा ठेवला. बाई जागची हलेना. मग काकूंनी नोटा मोजताना करतात तसा अंगठा जिभेला लावून ओला केला. ओल्या काचेला काहीच कळेना, आणि भालेवाली तापल्या तव्यावर पडल्यासारखी उड्या मारत सुटली. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा मी हसले नाही. दुपारीच सरांनी काम कुठवर आलं म्हणून विचारलं होतं आणि मी 'होतंय' म्हणून सटकले होते. काकू म्हणाल्या, "ह्यो तुजा फोन बिघडलाय जनू." मी म्हणाले, "फोनला काही झालेलं नाही काकू. तुमचा अंगठाच खराब आहे."

त्यांनी अंगठा पदराला पुसला. फोन हळूच पालथा ठेवला. "व्हय, समदी तसंच म्हनत्यात," एवढं बोलून कपबश्या उचलून त्या खाली गेल्या. माझ्या कपात अजून चहा होता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मला माफी मागता येत नाही. मनात वाक्य तयार करते आणि जिन्यापर्यंत जाऊन परत येते. शनिवारी त्यांनीच अंगणातून हाक मारली, "उद्या मालेला लावणीला येतीस का? एक बाई कमी पडतीया." मला वाटलं, आपल्याला माफ केलं. तसं काही नव्हतं, एक बाई खरंच कमी पडत होती.

भुकूमची जमीन घरं बांधण्यात गेली तरी पलीकडच्या माले गावातली भाताची तीन खाचरं काकूंनी ठेवली आहेत. मी चिखलात उतरले आणि माझ्या पद्धतीनं, म्हणजे नीट बघून, लावायला लागले. एक रोप लावायचं, वाकून बघायचं, मागच्या रोपाशी जुळतंय का तपासायचं, मग पुढचं. बाकीच्या बायका मागं सरकत सरकत बांधापाशी पोचल्या तरी मी मध्येच. माझी ओळ नागमोडी गेलेली, ती वेगळीच. एकीनं विचारलं, "ह्यी शिकलेली हाय व्हय?" आणि सगळ्या खिदळल्या.

काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "खाली काय बघतीस? गढूळ पान्यात काय दिसनार हाय तुला?"

"न बघता कुठं लावायचं ते कसं कळणार?"

"आदीचं लावलंस ना, त्याच्यापासनं आपली वीत. तुजी वीत तुज्या हाताला म्हाईत, माजी माज्या. हितं कुनी खुना करून ठेवल्यात व्हय? हात पडंल तितनं मोज."

मी कंबर सरळ करून खाचराकडे बघितलं. एवढं मोठं खाचर आणि कुठंही खूण नाही, तरी त्यांच्या ओळी सुतात. महिनाभर मी काचेवर खुणा काढत होते आणि लोकांच्या अंगठ्यांना त्या शोधायला लावत होते. बोटाला न कळणाऱ्या जागी ते टेकवायला सांगून वर त्यांनाच नावं ठेवत होते.

काकूंनी माझा हात धरून चिखलात दाबला. रोपाची मुळी अंगठ्यानं आणि दोन बोटांनी कशी खाली न्यायची, किती दाबली की पुरे, ते दाखवलं. त्यांच्या अंगठ्याला भेगाच भेगा होत्या, कातडी टणक झालेली. पण कुठं थांबायचं ते त्याला इतकं नेमकं कळत होतं की मला माझीच लाज वाटली. इथं जिना नव्हता, मागं फिरायला जागा नव्हती. मी म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. तुमच्या अंगठ्याला."

"त्यो काय रुसत न्हाई. रोप सरळ लाव," काकू म्हणाल्या.

सोमवारी मी सगळी वर्तुळं पुसून टाकली. डाव्या अर्ध्या काचेवर अंगठा जिथं पडेल तीच मधली जागा धरायची आणि तिथून तो किती, कुठं सरकला ते मोजायचं. उजवीकडे नुसतं टेकवलं तर वार, वर ओढलं तर लाथ, बाजूला ओढलं तर पकड. दांडी अर्धगोल फिरवून काढायचे डाव मात्र मी सोडून दिले. मामाच्या शेडमध्ये ते शिकायला मला दोन उन्हाळे लागले होते. ते पुसायला मला अख्खी दुपार लागली, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले. काकूंचा अंगठा काचेवर कसा उमटतो ते बघायला प्रत्येक स्पर्शाचा ठिपका दिसेल असं करून ठेवलं होतं. ठिपके उमटत होते! फक्त तुटक. भेगा आणि कोरडी कातडी, त्यामुळे अंगठा टेकलेला असूनही मध्येच काचेला तो लागत नसे, आणि माझा गेम लगेच समजायचा की यांनी हात उचलला. घाई गेमची होती, अंगठ्याची चूक नव्हती, तसं मी काकूंना सांगितलं. मी त्याला शिकवलं की ठिपका गेला तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांब, लगेच निकाल लावू नकोस. ऑफिसातल्या चपळ खेळाडूंनी कुरकुर केली की यानं उत्तर केसभर उशिरा येतं. येतं, खरं आहे. ज्यांना नको त्यांना ते बंद करायची सोय मी ठेवली. काकूंसाठी ते चालू.

बावधनच्या ऑफिसात दाखवायच्या दिवशी मी काकूंना घेऊन गेले. त्या लग्नाला नेसायची साडी नेसून बसमध्ये चढल्या. सर स्वतः फार चांगले खेळतात. त्यांनी एक फोन घेतला, काकूंनी एक. पहिली फेरी सरांनी सहज घेतली. दुसरीत काकूंच्या भालेवालीनं सरांना पकडून दोनदा आपटलं, पण शेवटी तीही सरांनीच घेतली. मला हरण्याचं काहीच वाटत नव्हतं. मी काकूंचे डोळे बघत होते. ते एकदाही अंगठ्याकडे गेले नाहीत.

सरांनी विचारलं, "काकू, बटणं दिसत नाहीत, तर अडचण नाही होत?"

"बटनं कशाला? मी कुटं हात ठेवला ते त्याला कळतंया की."

सरांनी फोन टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "बटणांचा गेम काचेवर चालणार नाही, हे माझं मत अजून तेच आहे. हा काचेचा गेम आहे. दांडीचा डौल यात नाही, पण नसलेल्या बटणांची फसवाफसवीही नाही." सर म्हणाले, "फोनचं काम सुरू करू. तू आहेसच, कायम." माझा जीव भांड्यात पडला. जिन्यात येऊन आधी वडिलांना फोन केला, मग बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटं रडले.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला वाटलं हरल्याचं मनाला लागलंय. भूगाव गेल्यावर त्या म्हणाल्या, "एक डाव सुदिक वाया न्हाई गेला बग. जवा अंगटा ठेवला तवा घेतला त्यानं."

या गोष्टीबद्दल मी काकूंचे आभार मानायला गेले की त्या विषय बदलतात, म्हणून इथं लिहून ठेवते. मी अजून त्यांच्याच वरच्या खोलीत राहते, रोज सकाळी उठून मला आवडणारं काम करायला जाते, आणि हे सगळं त्या खाचरात माझ्या हाती आलं. मी त्यांना फक्त एक गेम दिला, तोही हरायला, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मग हयातीच्या दाखल्याचे दिवस आले. यंदा मी सोबत गेले. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. केंद्रवाले गृहस्थ सवयीनं म्हणाले, "आजी, तुमचा अंगठा खराब झालाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अंगटा चांगला हाय माजा. आमच्या पोरीनं तपासून बगितलाय. तुजं मशीन घाई करतंया."

आणि त्यांनी अंगठा पुन्हा ठेवला.