बॉक्स कुठे जाऊन आला?

हसू नका हं. बरं, हसा, मीच हसतेय तर तुम्हाला कशाला अडवू? आमच्या चौकशीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही चोरीच्या बेतानं आली आहे. चोरी आज नाही, पुढच्या आठवड्यात. आज नुसती पाहणी.

तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटणार? ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा टीव्ही बंद पडला होता. पडदा काळाकुट्ट. कंपनीला पुन्हा फोन केला, दुसरा माणूस पाठवतो म्हणाले, आणि दारात उभी ही चाळिशीची बाई. पाठीवर फुगलेली सॅक, गळ्यात काळ्या वायरचं वेटोळं, हार घातल्यासारखं. आत आली आणि टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून गोल फिरली आणि म्हणाली, "गेल्या आठवड्यात घरातलं काय काय हललं?"

"हललं म्हणजे?" ताई म्हणाली.

"कपाट सरकवलं का? पडदे धुतले का? कुणी पाहुणे येऊन गेले? तुम्ही घर बंद करून कुठे गेला होतात?"

कपाट! पाहुणे! बंद घर! मी ताईला डोळा घातला. तिला कळला नाही, तिला माझा डोळा जन्मात कधी कळलेला नाही. मग मी कोचावरची तिची पर्स हळूच ओढली आणि सरळ तिच्यावर बसले. बाईनं ते बघितलं. बघून गालात हसली आणि म्हणाली, "मावशी, आत चष्मा असेल तर मोडेल हो."

होता. मोडला नाही, पण काडी वाकडी झाली ती झालीच.

आता ताईचं दुखणं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल टीव्हीसाठी एवढा काय जीव टांगणीला. ताईला टीव्हीचं वेड मुळीच नाही. मालिका लागली की ती पाचव्या मिनिटाला घोरते. पण टीव्हीखालच्या त्या सेट-टॉप बॉक्समध्ये आमचे भावोजी आहेत. असं काय बघताय? भावोजी गेले ते गेलेच, पण जाण्याआधी एका बागकामाच्या कार्यक्रमात ते आले होते. गच्चीत टबातला भोपळा कसा वाढवायचा, ते दाखवायला. ताईनं ते बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवलेलं. दुसरीकडे कुठे त्यांचा आवाज नाही. फोटो ढीगभर आहेत, पण फोटो बोलतो थोडाच! आणि ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्समध्ये दिसतं. बॉक्स बदलला की संपलं, जुना बॉक्स कंपनीत परत, भावोजींसकट.

आणि आदल्या दिवशी आलेला पहिला माणूस नेमकं तेच करायला निघाला होता. तो तडक गच्चीवर गेला, डिशची छत्री इकडे फिरव, तिकडे फिरव, साप साप म्हणून भुई धोपटली आणि खाली येऊन म्हणाला, "बॉक्स गेला. बदलावा लागेल." ताई बॉक्सवर हात ठेवून बसली ती उठेचना. शेवटी तो बिचारा कंटाळून गेला. तोच नवा बॉक्स आता हिच्या सॅकमध्ये होता. ताईला सॅकचा आकार दिसला आणि तिनं पुन्हा हात बॉक्सवर ठेवला.

"काकू, राहू द्या हात," बाई म्हणाली. "मला अजून बॉक्सशी बोलायचंच नाहीये. आधी टीव्हीशी बोलते. लावा तो."

टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर एक छोटी पट्टी इकडून तिकडे तरंगायला लागली, 'सिग्नल नाही'. 

"बघितलंत? म्हणजे डिश बिघडली," मी म्हणाले. म्हटलं, आपणही काहीतरी बोलावं.

"मावशी, हे कोण म्हणतंय?"

"टीव्ही म्हणतोय."

"टीव्हीला डिशचं काय माहीत? तो बॉक्सला ओळखतो, डिशला नाही. डिश बिघडली असती तर ती तक्रार बॉक्सनं केली असती, स्वतःच्या अक्षरात, कंपनीच्या चिन्हासकट. इथे बॉक्सचा एक शब्दही टीव्हीपर्यंत पोचत नाहीये. म्हणून टीव्ही म्हणतोय, मला कुणी काही सांगतच नाही."

आमच्या घरातल्या सासूबाईंची आठवण झाली मला, पण गप्प बसले.

मग ती कामाला लागली आणि मी पर्सवरून उठले. कारण बघायला मजा यायला लागली होती. सॅकमधून तिनं हातात मावेल एवढा आरसा काढला आणि टीव्हीच्या मागे धरला. टीव्ही भिंतीवरून न काढता मागची सगळी भोकं तिला आरशात दिसत होती. मी पण मान घातली. मागे एवढी जळमटं! ताईचं घर म्हणजे आरसा, असं म्हणतात सगळे. तो आरसा मागून कुणी पाहिलाच नव्हता. "ताई," मी म्हणाले, "तुझ्याकडे आणखी एक कुटुंब राहतंय गं."

"तू तुझं बघ," ताई म्हणाली.

वायर वाकली आहे का, बघितलं. काढून पुन्हा लावली. टीव्हीच्या दुसऱ्या भोकात लावली. गळ्यातली स्वतःची वायर लावली. पट्टी आपली तरंगतेच आहे. मग तिनं सॅकमधून वहीएवढा एक छोटा पडदा काढला, बॉक्सची वायर त्याला जोडली, आणि काय सांगू, त्यावर बातम्यांची बाई लख्ख दिसायला लागली! ताईचा हात बॉक्सवरून पहिल्यांदा निघाला आणि छातीवर गेला.

"बॉक्स ठणठणीत," चौकशीबाई म्हणाली. मग ताईच्या मुलाचा जुना डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडला. टीव्हीवरही चित्र आलं. "टीव्हीही ठणठणीत."

"मग?"

"मग काय! दोघं एकेकटे गुणाचे, एकत्र आले की अबोला. असं घर बघितलं नाही का तुम्ही?"

मी म्हणाले, "अगं, मी त्यातच राहते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे साहेब. आवाज एवढा मोठा की आम्हाला कान द्यायची गरजच पडली नाही. "झालं का? बॉक्स बदल आणि नीघ. पुढची दोन घरं खोळंबली आहेत."

"साहेब, बॉक्स चांगला आहे."

"मग चित्र का नाही?"

"तेच तर बघतेय."

"बघत नको बसू. चहा होईपर्यंत थांब, तोवर नाही जमलं तर बदल."

तिनं फोन ठेवला आणि ताईकडे वळून म्हणाली, "काकू, चहा जरा सावकाश करा."

ताईनं इतका सावकाश चहा आयुष्यात केला नसेल. भांडं घासून घेतलं, पुसून घेतलं, आलं किसलं, मग गॅस पेटवायचं विसरली. आणि मी बाईच्या मागे लागले. मला माणसांची चौकशी करायची सवय, तिला वस्तूंची. जमलं आमचं.

ती आधी कंपनीच्या फोनवर बसायची. कानाला यंत्र लावून दिवसभर परक्यांच्या काळ्या पडद्यांचं वर्णन ऐकायची. "मावशी, लोक काय काय सांगतात! एक आजोबा म्हणाले, टीव्ही रुसलाय. एक बाई म्हणाली, नवऱ्यानं मुद्दाम केलंय, मॅच हरली म्हणून. मी न बघता ओळखायची. पण जीव तळमळायचा हो. नक्की काय झालं होतं, ते कधी कळायचंच नाही. फोन ठेवला की माणूस गायब. गोष्ट अर्ध्यात तुटली की मला जेवण जात नाही." म्हणून मागे लागून, भांडून, ती घरोघरी फिरायच्या कामावर आली. घरचे काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "नवरा म्हणतो, तुला पगार दुरुस्तीचा मिळतो की चौकशीचा? मी म्हणते, चौकशी केली की दुरुस्ती आपोआप होते. सासूबाई म्हणतात, हिच्यासमोर डबासुद्धा जपून उघडावा, कधी भरला, कुणी भरला, विचारत बसते."

तिचा ठाम सिद्धांत आहे. वायर आपणहून बिघडत नाही, घर हलतं म्हणून बिघडते. कुणीतरी काहीतरी सरकवतं, दाबतं, पुसतं, आणि विचारलं की सगळे एका सुरात म्हणतात, आम्ही हातच नाही लावला.

"आम्ही खरंच हात नाही लावला हो," ताई आतून म्हणाली. जरा जास्तच मोठ्यानं.

बॉक्स छोट्या पडद्याला जोडलेलाच होता, बाई रिमोटनं त्याच्या पोटातल्या सेटिंगच्या पानांमध्ये शिरली. एक पान, दुसरं पान. आणि थांबली. मग मान तिरकी करून बॉक्सकडे असं बघितलं, जसं उशिरा घरी आलेल्या पोराकडे बघतात.

"काकू, हा बॉक्स कुठे जाऊन आला?"

आतून चमचा पडल्याचा आवाज.

"कुठे जाणार? इथेच असतो," ताई म्हणाली.

"नाही हो. हा मोठ्या घरी जेवून आलाय. बघा, चित्राचा आकार सगळ्यात मोठा लावलाय. तुमचा टीव्ही जुना, त्याला एवढं मोठं चित्र गिळताच येत नाही, म्हणून तो तोंडच उघडत नाही. माझा छोटा पडदा नवा आहे, त्याला सगळं चालतं. हा आकार इथे, या टीव्हीसमोर बसून कुणी लावूच शकत नाही. लावला की लगेच काळोख. मोठा टीव्ही कुणाकडे आहे?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पण पंख्याला विचारून काय उपयोग!

झालं होतं असं, की मागच्या रविवारी भावोजींना मोठं बघायचं म्हणून आम्ही दोघी बहिणींनी बॉक्स पिशवीत घातला आणि माझ्या घरी नेला. आमच्याकडे नवा टीव्ही, भिंत भरून. बॉक्स घराबाहेर नेऊ नये, असं कंपनीनं बजावलेलं, म्हणून ताई घाबरली होती आणि कुणाला बोलली नव्हती. माझ्या घरी जोडल्या जोडल्या पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. अधिक चांगलं चित्र हवं का? आणि आमच्या ह्यांनी 'हो' दाबलं. आमचे हे कुणालाही नाही म्हणत नाहीत. मला सोडून.

"हे आधी सांगितलं असतंत तर?" बाई म्हणाली.

"तू चोर आहेस असं वाटलं गं," मी म्हणाले.

"चोराला तर आधी सांगायला हवं होतं! बॉक्स बाहेर म्हणजे घर बंद, ते त्याला उपयोगी पडलं असतं." आणि अशी हसली की मलाही हसू फुटलं. कंपनीला कळवणार का, असं ताईनं भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "मला कुठे काय दिसलं? पानं वाचली, बस्स."

मग तिनं छोट्या पडद्यावर बघत चित्राचा आकार खाली आणला, ताईच्या टीव्हीला झेपेल एवढा. दोन्ही प्लग भिंतीतून काढले. वायर पुन्हा टीव्हीला लावली. "आधी टीव्ही जागा करायचा, मग बॉक्स. म्हणजे बॉक्स उठल्या उठल्या समोर कोण आहे ते बघून घेतो." टीव्ही लावला. पट्टी तरंगली. बॉक्सचा दिवा लाल झाला, मग हिरवा. आम्ही तिघी उभ्याच. फोन पुन्हा वाजायला लागला, तिनं तो सॅकखाली सरकवला.

पट्टी गेली. पडदा एकदम निळा झाला आणि आली ती बातम्यांची बाई, हातभर मोठी होऊन. ताई म्हणाली, "तिला काढ. ह्यांना लाव."

लावलं. भावोजी आले. गच्ची, टब, टबातून उतरलेला वेल, आणि कमरेवर हात ठेवून भावोजी कॅमेरावाल्याला म्हणतायत, "अहो, पाय सांभाळा, वेल आहे तिथे. आणि पाणी सकाळीच घालायचं, दुपारी घालाल तर मूळ शिजेल."

"सकाळी मीच घालायचे," ताई पडद्याला म्हणाली. "हे नुसते उभे." आणि पदरानं नाक पुसलं. चहा शेवटी झालाच नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी पण बघत होते, आणि माझं लक्ष गेलं भावोजींच्या स्वेटरकडे. मी विणलेला. "रंग बिघडवलास गं तू," मी म्हणाले. "स्वेटर निळा आहे. इथे हिरवा दिसतोय."

"हिरवाच आहे," चौकशीबाई म्हणाली.

"अगं, मी विणलाय! लोकर मी आणली. निळी."

"विणला असेल तुम्ही, मावशी. पण हिरवा आहे. वायरीनं रंग बिघडवला असता तर फक्त स्वेटरचा कसा बिघडेल? काकांचं तोंडही हिरवं झालं असतं. तोंड बघा."

तोंड चांगलं माणसासारखं होतं. "भोपळ्याच्या पानांचा रंग पडला असेल," मी म्हणाले.

"कार्यक्रम संपेपर्यंत पडतच राहिला?"

"संध्याकाळी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मी स्वतः बघून घेतली होती लोकर."

"तिथेच चुकलं," ती म्हणाली. "काकू, आहे का तो?"

ताई उठली. माझी सख्खी बहीण, तिनं निदान शोधायला वेळ लावायचा! गेली आणि कपाटातून काढून घेऊनच आली. चौकशीबाईनं तो स्वेटर दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरला, भावोजींच्या शेजारी, टीव्हीच्या बरोबरीनं.

मी डोळे बारीक केले. चष्मा लावला, वाकड्या काडीचा, ताईचा. मग मान डावीकडे करून बघितलं.

"निळसर आहे थोडा," मी म्हणाले.

"कुठे?" ती म्हणाली.

"आतून."

तिनं स्वेटर उलटा केला. आतूनही हिरवाच होता.