सगळ्यात मोठा फोन

मोबाइलच्या दुकानात माझ्या शेजारी एक आजोबा आजींसोबत मोठ्या स्क्रीनचा फोन पाहत होते. विक्रेता कॅमेरा, बॅटरी, वेग असं सांगत होता. आजोबांनी त्याला एक मराठी बातमी उघडायला लावली आणि अक्षरं वाढवत न्यायला सांगितलं. शेवटी स्क्रीनवर एकच अक्षर मावलं.

"आता दिसतंय?" आजींनी विचारलं.

"काळं काहीतरी आहे. याहून मोठा नाही का?"

"हाच सगळ्यात मोठा, आजोबा," विक्रेता म्हणाला.

त्यांनी फोन जपून परत दिला. "फोन चांगला आहे हो," ते विक्रेत्याची समजूत घातल्यासारखं म्हणाले. फोन पारखायला आलेल्या माणसाला तिथे आपल्याच डोळ्यांचा निकाल कळला होता.

बाहेर पडल्यावर आजींनी त्यांचा हात धरला आणि आजोबांनी न विचारताच रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून वाचून दाखवायला सुरुवात केली.