गुडघे शेकायला

धर्मीबाई आल्या वाटेने कधी परत जायची नाही. वळ गावाहून भाजीची पाटी घेऊन टेमघरला आमच्या चाळीत यायची ती पुढच्या नाक्यावरून, आणि जायची मागच्या नाल्याकडून. लांब पडलं तरी. मी एकदा विचारलं, "अगं, पाय दुखत नाहीत का तुझे?" तर म्हणाली, "दुखतात की. पन येताना बघलं तेच जाताना काय बघू, ताई?"

मी सातवी शिकलेली बाई. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत लिहायला लागले. चार-पाच कथा छापून आल्या, डोक्यात जरा हवाही गेली. आणि मग सुचायचंच बंद झालं बघा. दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन येऊन गेलेला, आणि मी कोरी वही पुढ्यात घेऊन सकाळभर बसलेली. धर्मीबाई उंबऱ्यात टेकायची आणि वहीकडे बघून म्हणायची, "आज पन गिऱ्हाईक न्हाय वाटतं!"

एक दिवस तीच म्हणाली, "उद्या मी अकलोलीला, गरम पान्याच्या कुंडावर गुडघे शेकायला जानार हाय. महिन्यातून येकदा जाते. तुमी पन चला. हितं बसून भिंतीबिगर काय दिसनार तुमाला?"

गेले. एसटीच्या खिडकीतून ती बोट दाखवत होती. "ते निळ्या पत्र्याचं गोडाऊन हाय ना, तितं माझा वाल व्हता." गोदामं मागे पडली, झाडं लागली, आणि खरंच सांगते, वर्षभर मुकं झालेलं माझं डोकं आतल्या आत बोलायला लागलं.

कुंडाच्या पायरीवर आम्ही गरम पाण्यात पाय सोडून बसलो. थोड्या वेळाने एक तरुण बाई आली आणि धर्मीबाईपासून हातभर अंतर सोडून बसली. दोघी पाण्याकडे बघत होत्या. मान न वळवता बोलत होत्या.

"बरी हायस?"

"बरी हाय."

"पोर?"

"चालाय लागली."

धर्मीबाई उठली तेव्हा फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या पायरीवरच राहिल्या. मी हाक मारणार, तोवर त्या बाईने त्या उचलल्यासुद्धा.

परतताना अर्थातच दुसऱ्या रस्त्याने आलो. वाटेत तिने सांगितलं. ती तिची मुलगी, मंजू. परजातीत लग्न केलं म्हणून बापाने जिवंतपणी तिच्या नावाने आंघोळ केलेली. कुंडावर गावातलं कुणीही असू शकतं, म्हणून मायलेकींनी असं परक्यासारखं बसायचं. "म्हाताऱ्याला गुडघे सांगून येते. कुनाला बोलू नका, ताई."

"वेडी का काय! मी कुणाला सांगतेय?" मी म्हणाले.

आणि घरी येऊन तीन दिवसांत मी कथा लिहिली. इतकी सरसर कधी लिहिली नव्हती. नावं बदलली, भाजीवालीची मासळीवाली केली, आणि मला वाटलं, झालं. गुडघे तेच ठेवले, पायरी तीच, भाकऱ्या त्याच. त्यांना हात लावायला मन होईना, इतकं ते सुंदर होतं.

अंक निघाला. ठाण्याला शाल, श्रीफळ मिळालं. तिथे माईकवर मी सांगितलं, "लिहिणाऱ्याने प्रवास करावा हो, लेखणी ताजी होते." टाळ्या पडल्या. आज ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात.

धर्मीबाईचा पुतण्या शिक्षक. त्याने आपला कौतुकाने अंक घरी आणला आणि अंगणात बसून चुलत्याला कथा वाचून दाखवली. त्या पोराच्या काही ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्याच्या आलं.

महिन्याभराने धर्मीबाईने मला हे सांगितलं, मेथीची जुडी हातात देता देता. "बोलला काय न्हाय. मी कुंडावर निघाले, तर त्यानं सवता चुलीवर हंडाभर पानी तापवलं आनि माझ्याफुडं ठेवलं. बोलला, घरातच शेक."

कसंबसं म्हणाले, "मी जाते मंजूकडे. भाकऱ्या मी पोचवते."

तिने पाटी डोक्यावर घेतली. "नको, ताई. तुमी गेलाव का परत लिवाल."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी ती पुढच्या नाक्याकडे वळली, आल्या वाटेने. नंतरही भाजी देत राहिली, पण उंबऱ्यात कधी टेकली नाही.

तिसऱ्या वर्षी ती गेली. दुसऱ्या भाजीवालीकडून मला कळलं. मंजूला कोण कळवणार? महिन्याच्या त्याच दिवशी मी एसटीत बसले. ती त्या पायरीवरच होती, दर महिन्याला येऊन बसत होती म्हणे. मी हातभर अंतर सोडून बसले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "आई गेली गं."

तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग म्हणाली, "तुमीच ना त्या अंकात लिवनाऱ्या?"

"हो," म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

यंदा म्हातारेबाबाही गेले. त्यानंतर मी हे लिहिलं आणि छापायला द्यायच्या आधी कुंडावर जाऊन मंजूला सगळं वाचून दाखवलं. तिने पाय पाण्यातून न काढता ऐकलं. म्हणाली, "आयचं नाव खरं राहू द्या. माझं पन. तेवढी येक गोष्ट काढा."

मी ती तिच्यासमोर खोडली. चांगली होती. इथे नाही.