तुलारामजींचं पिवळं फडकं

तुलारामजी गभणे यांना स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या दिघोरीत निघायचा नाही. जेवायलासुद्धा ते उकिडवेच बसत, म्हणजे घासाच्या मध्येच उठायची वेळ आली तर खोळंबा नको. उठून जायचं कुठे? कुठेही. बैलाचं नाक कोरडं पडलंय का ते बघायला, शेजारी कोण खोकलं ते विचारायला, आकाश आहे त्या जागी आहे ना याची खात्री करायला. गावात कोणी शिंकला, तर दुसरी शिंक यायच्या आत तुलारामजी काढ्याचा गडवा घेऊन दारात हजर.

साथ या शब्दाचा त्यांना धसका होता. फ्लू आला तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात त्यांनी कापराची पुरचुंडी बांधली. बैलही सुटले नाहीत. गालगुंडाची साथ निघाली तेव्हा स्वतःच्या दोन्ही गालांना चुन्याचा लेप फासून फिरले. "कधी फुगले जी गाल?" असं कोणी विचारलं की सांगायचे, "फुगले नाही, फुगू नाही म्हणून लावून राहिलो." गोवर आला तेव्हा दाराला कडुनिंबाचे इतके डहाळे बांधले की पोस्टमन पत्र शेजारी देऊन गेला. या उपायांनी साथ टळली की श्रेय उपायाचं. टळली नाही की दोष गावाचा, कारण गावाने काढा तळापर्यंत प्यायला नव्हता.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांत निवेदक म्हणाला की राज्यात डोळे येण्याची साथ पसरत आहे, आणि पुढे काही सांगू लागला. तुलारामजींना पुढचं कशाला हवं होतं? 'साथ' ऐकल्याबरोबर ते उठले आणि पायात एक चप्पल स्वतःची, एक बायकोची घालून अंगणात गेले.

"अवो, तो अजून बोलून राहिला ना!" शकुंतलाबाई चुलीपासून ओरडल्या. नवऱ्याच्या मागे धावायचं त्यांनी लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिलं होतं. त्या जागेवरूनच ओरडत.

"बोलू दे त्याले. त्याचा रोवणा थोडी बाकी हाये!"

खरी गोम तिथे होती. तुलारामजींचा रोवणा, धानाची लावणी, अर्धाही झाला नव्हता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वयात आले होते. पावसाने मध्येच ओढ दिली, म्हणून तलावाचं पाणी पाळीपाळीने सुटत होतं आणि आता पाळी तुलारामजींची होती. आदल्या वर्षी रोवणा लांबला होता, पऱ्हे जून झाले होते, आणि लोंब्यांत दाणा कमी नि फोल जास्त निघाला होता. घरात वर्षभर त्याच धानाची कणी शिजली. यंदा पुन्हा तेच झालं तर शकुंतलाबाई कणीऐवजी आपल्यालाच शिजवतील, असं त्यांना वाटे. रोवणा बायांच्या हातचा. बायांचे डोळे आले की त्या घरी बसणार, पाणी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे खाचरात, जाणार, आणि पऱ्हे उभ्या उभ्या म्हातारे होणार. तुलारामजींच्या काळजीला या खेपेला तरी कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी ते अड्याळच्या बाजारात गेले. हळद, धणे, कापूर, तुरटी आणायला. अड्याळात साथ आधीच पोचली होती. किराणा दुकानदार भैय्यालाल दुकानाच्या अंधारात काळा चष्मा लावून बसला होता. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती, की आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की आपले येतात. तुलारामजींनी चष्मा पाहिला मात्र, गर्रकन पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून सगळा बाजार केला.

"हयद दे. चांगली दे."

"इकडं पाहा तं, कोणती देऊ?"

"मी नाही पाहात. तूच पाहा."

"मले दिसत असतं तं चष्मा लावून बसलो असतो काय जी?"

भैय्यालालने डोळे पुसले, त्याच हाताने पुड्या बांधल्या आणि तुलारामजींच्या पाठीमागे पसरलेल्या पंज्यावर ठेवल्या. बाजारात उकडत होतं. डोळ्यांत घाम उतरला, तो तुलारामजींनी त्याच पंज्याने निपटला आणि विजयी मुद्रेने एस.टी.त चढले. काय चुकलं ते त्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. त्यांनी बघितलंच नव्हतं ना!

तिसऱ्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, दवाखाना उघडला. एका घमेल्यात कडुनिंबाच्या पाल्याचं उकळून निववलेलं पाणी, त्यात धणे आणि तुरटी, आणि हळदीत रंगवलेलं एक लांबरुंद फडकं, जे मुळात शकुंतलाबाईंच्या जुन्या लुगड्याचा पदर होतं. रोवणाऱ्या बाया चिखलात उतरायच्या आधी एकेक करून पुढे येत. तुलारामजी फडकं घमेल्यात बुडवत, पिळत, आणि तिचे डोळे पुसून देत. पण सगळ्यात आधी स्वतःचे. औषध झोंबत नाही हे बायांना दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मग तेच फडकं त्याच पाण्यात.

गावातल्या बायांची म्होरकी रुखमाबाई होती. तिचे हात पऱ्हे लावण्यात चालत आणि तोंड त्याहून जोरात.

"का जी तुलारामजी, लगनात हयद लावतात तशी लावून राहिले. नवरदेव कोन हाये?"

"चूप राहा व. डोये मिट."

"मिटले तं तुमचं तोंड नाही दिसत. लगित बरं वाटते."

बाया खो खो हसल्या. तुलारामजी हसले नाहीत. ते घमेल्याभोवती येरझारा घालत होते, पाणी फिरवत होते, पाटाकडे धावत जाऊन पाणी येतंय ना ते बघत होते, परत येऊन कोणाचा डोळा लाल दिसतोय का ते वाकून पाहत होते.

गावच्या बायांवर रोवणा उरकेना. पाण्याची निम्मी पाळी सरली. शेवटी तुलारामजींनी पलीकडच्या टोलीवरून, म्हणजे वस्तीवरून, आनंदाबाईच्या हाताखालच्या बायांचा कळप बोलावला. आता टोलीवर डोळे आल्याची कुणकुण होती. बोलवावं तर साथ येते, न बोलवावं तर पऱ्हे जातात. ती रात्र त्यांनी अंगणात फेऱ्या मारून काढली आणि सकाळी एक अचाट तोड घेऊन बांधीवर आले.

"गावच्या बाया या धुऱ्याकून सुरू करतीन. टोलीच्या बाया त्या धुऱ्याकून. तोंडं आपापल्या धुऱ्याकडं. कोणाची नजर कोणावर पडली नाही पाहिजे!"

"दोघीकडच्यांच्या पाठी मधात?" रुखमाबाईने विचारलं.

"हो ना! कशी बात हाये?"

रुखमाबाईने पलीकडच्या धुऱ्यावरच्या आनंदाबाईकडे बघितलं. आनंदाबाईने तिच्याकडे बघितलं. दोघींनी पदर तोंडाला लावला आणि मुकाट्याने चिखलात उतरल्या.

ज्यांनी रोवणा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पऱ्हे लावणारी बाई पुढे जात नाही, मागे येते. वाकून लावत जायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं, नाहीतर आपण लावलेलं आपल्याच पायाखाली. तुलारामजींचा जन्म धानात गेला होता, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण त्या सकाळी ते झोपेत नव्हते, काळजीत होते. तेव्हा एक रांग या धुऱ्याकडून गाणं म्हणत मागे मागे येऊ लागली, दुसरी त्या धुऱ्याकडून मागे मागे येऊ लागली, आणि तुलारामजी बांधीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत "नजर खाली! नजर खाली!" असं ओरडत राहिले.

दुपारी बांधीच्या मधोमध दिघोरी आणि टोली यांची पाठमोरी गाठ पडली. आधी रुखमाबाई आनंदाबाईवर आदळली. दोघी फतकन चिखलात बसल्या. मग शेजारची, मग तिच्या शेजारची, अशी रांगच्या रांग आडवी झाली. लावलेले पऱ्हे त्यांच्याखाली. मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्या जणी उठल्या, वळल्या, एकमेकींच्या चिखलाने भरलेल्या तोंडांकडे बघून हसू लागल्या. टक लावून. डोळ्यात डोळा घालून.

"पाहू नका! पाहू नका व माय!" तुलारामजी कमरेएवढ्या आवेशाने गुडघाभर चिखलात शिरले.

"मालक," आनंदाबाई म्हणाली, "आमच्या टोलीत कोणाचेच डोये आले नाही. तुमचेच लाल दिसून राहिले."

तुलारामजी जिथल्या तिथे थांबले. सकाळपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, हे त्यांनी वाऱ्यावर ढकललं होतं.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या पापण्या उघडेनात. शकुंतलाबाईंनी कोमट पाण्याने त्या सोडवल्या, हात साबणाने धुतले, आणि पुसायचा कपडा वेगळा टांगून ठेवला.

"कपडा वेगया काहून?" तुलारामजींनी विचारलं.

"त्या दिवशी रेडिओवाला सांगून राहिला होता. बघितल्यानं होत नाही म्हने. हात धुवा, ज्याचा रुमाल त्याच्याजवळ ठेवा. तुमी अंगणात पयाले होते."

तुलारामजींनी त्या टांगलेल्या कपड्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मंग ते पिवयं फडकं?"

"तेच सांगून राहिली."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं साथीचं किती आणि पऱ्ह्यांचं किती, हे सांगणं अवघड. पाठोपाठ गावच्या बायांचे डोळे आले. टोलीच्या बायांनाही त्या दिवशी कामावर उतरताना पिवळ्या फडक्याचा लाभ झालाच होता. त्यांचेही आले. बांध्या रिकाम्या, पाणी उभं, पऱ्हे पिवळे पडायच्या बेतात. तुलारामजी डोळे मिटून घरभर चालत. उंबऱ्याला ठेचकाळत, खांबाला आदळत, पण चालतच.

बायांची जळजळ ओसरली, लाली मात्र राहिली, तेव्हा रुखमाबाई दोन्हीकडच्या बाया घेऊन अंगणात उभी राहिली. शिव्या खायच्या तयारीने तुलारामजी बाहेर आले.

"चला जी. रोवणा करून टाकू."

"माह्या बांधीत? तुमच्या डोयांचं मी असं केलं, तरी?"

"मंग कुठं जाऊ? गावात कोणी आम्हाले धुऱ्यावर उभं नाही करत. लाल डोये पाहून पयतात सारे. तुमीच एक उरले ज्याले आता काही होत नाही."

असा त्या वर्षी तुलारामजींचा रोवणा झाला. सबंध शिवारातल्या लाल डोळ्यांच्या बाया एकाच मालकाच्या बांधीत. दुसरीकडे कोणी घेत नव्हतं म्हणून जास्तच जणी. तलावाच्या पाण्याची पाळी सरायच्या आत शेवटची बांधी लागली. रुखमाबाईची अट एकच होती, घमेलं धुऱ्यावर आणायचं नाही. तुलारामजींनी ती पाळली, पण पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहताना निम्म्या चुकीच्या बांधीत फेकल्या.

रोवणा संपला की आमच्याकडे बाया मालकाला चिखल फासतात. गोडधोड कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. रुखमाबाईने आणि आनंदाबाईने दोन बाजूंनी त्यांना धरलं.

"डोये मिटा जी, डोयात जाईन."

तुलारामजींनी डोळे मिटले. गालावर, कपाळावर, पापण्यांच्या वर गार चिखल बसला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विचार उमटू लागला. धुऱ्यावर गोड भात घेऊन आलेल्या शकुंतलाबाईंनी तो लांबूनच ओळखला आणि टोपलं खाली ठेवलं.

"लगित थंडा लागते," तुलारामजी म्हणाले. "पुढच्या साली साथ याच्या आधीच जर सगळ्यांच्या डोयाले हा तलावाचा चिखल..."

रुखमाबाईने उरलेला चिखल त्यांच्या उघड्या तोंडात भरला.