आत्याबाईंच्या नावाचं बिल

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या पैशानं मोठी वस्तू घेतली आणि तिचं बिल केलं सासूबाईंच्या नावावर. तो माझा धूर्तपणा होता, हे आधीच कबूल करून टाकते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. वस्तू म्हणजे हळद-मिरची दळायची मशीन. दुकानदार तिला पल्वरायझर म्हणायचा, आमच्या हट्टा गावात सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. ती घरात येऊ द्यायला आत्याबाईंचा ठाम विरोध होता. ओसरीत मिरचीचा ठसका उठेल, गल्ली शिव्या देईल, भिंतीला तडे जातील, अशी कारणं त्या रोज एकेक काढायच्या. खरं कारण मला ठाऊक होतं. सून परस्पर काहीतरी आणते आहे आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना टोचत होतं. म्हणून वसमतच्या दुकानात बिल करताना नाव विचारलं, तेव्हा मी माझं न सांगता त्यांचं सांगितलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसला.

लाच बराबर लागू पडली. बिलावर आपलं नाव छापलेलं पाहिल्यावर आत्याबाईंचा विरोध तिथल्या तिथं मावळला. त्यांनी मशीनची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते बिल चक्क लॅमिनेशन करून आणलं. सोबत दुकानदारानं दिलेलं रंगीत माहितीपत्रकही घडी घालून त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाशेजारी ठेवलं. कुणी पाहुणा आला की पेटी उघडायची आणि बिल बाहेर यायचं.

पहाटे उठून हळकुंडं फोडायची, मिरचीचे देठ खुडायचे, दळायचं, चाळायचं, पाकिटं बांधायची, हे सगळं मी करायचे. नाकातोंडाला ओढणी गुंडाळली तरी रात्रीपर्यंत शिंका थांबत नसत आणि नखं तर कायमची पिवळी झाली. आत्याबाई बाजेवर बसून येणाऱ्या बायकांचं स्वागत करायच्या आणि सांगायच्या, "ही माझी मशीन. सून चालवून राहिली." गल्लीतली पोरं तिला 'आजीची मशीन' म्हणायला लागली. मला राग यायचा. खूप यायचा. पण बिल मीच त्यांच्या नावावर केलं होतं, तर बोलायचं कोणत्या तोंडानं?

अडीच महिने मशीन चांगली चालली. मग एक दिवस दळता दळता जळका वास आला आणि ती बंद पडली. दुकानातून मेकॅनिक आला, त्यानं मोटर नेली, भरून, म्हणजे आतली जळकी तार बदलून आणली. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच वास. पुन्हा मोटर गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मेकॅनिकच मला हळूच म्हणाला की ताई, या मशीनला मोटरच कमी ताकदीची बसवली आहे, कितीदाही भरली तरी जळणारच. दर वेळी तो एका छापील कागदावर काहीतरी लिहायचा आणि आत्याबाईंचा अंगठा घ्यायचा, कारण बिल त्यांचं. त्यात तो काय लिहितो ते मी कधी वाचलं नाही. माझी पहिली चूक बिलाची, आणि ही दुसरी.

मी वसमतला दुकानात गेले. घेताना ज्यानं सकाळ-संध्याकाळ चालवा, काही होत नाही म्हणून छातीवर हात ठेवला होता, त्यानं आता मोबाईलमधून मान वर केली नाही. तुम्ही मशीन धंद्याला वापरली, वॉरंटी घरगुती वापराला असते, असं त्याचं उत्तर. मी विचारलं, घरात कोण रोज वीस किलो मिरची खातं? त्यावर तो म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी परराज्यात, फोन उचलणारी मुलगी गोड बोलायची आणि तक्रारीचा नवा नंबर देऊन फोन ठेवायची.

नवरा म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे म्हणणाऱ्या माणसांमुळेच अशी दुकानं चालतात, असं मी त्याला सुनावलं आणि त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत गेले. तिथं एका बौद्ध कुटुंबातली मुलगी वसमतच्या कोर्टात वकिली करते. माझ्या लेकीची वर्गमैत्रीण. मी गेले तेव्हा त्यांच्याकडे बुद्धवंदना चालू होती, म्हणून मी दारातल्या कट्ट्यावर बसले. बाहेर आल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझं वकीलपत्र घ्यायला चक्क नकार दिला.

"काकू, तुम्हाला वकील कशाला पाहिजे? एवढं तर तुम्हीच बोलता," ती म्हणाली.

तिनं मला समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. दुकान कुठलंही असो, कंपनी कुठलीही असो, आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे हिंगोलीत. वकील लागत नाही. एवढ्या किमतीच्या वस्तूला फीसुद्धा नाही. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आधी दुकानदाराला आणि कंपनीला रीतसर नोटीस पाठवायची, म्हणजे मला माहीतच नव्हतं असं त्यांना म्हणता येत नाही. आणि जो कागद हातात आहे तो जपायचा. इथं मला हसू आलं. आमच्याइतकं जपलेलं बिल अख्ख्या तालुक्यात नसेल.

नोटिशीला उत्तर आलं नाही. मग मी बारावीपर्यंतचं सगळं मराठी पणाला लावून चार पानांची तक्रार लिहिली. त्या मुलीनं दोन ओळी खोडल्या, त्या दुकानदाराच्या स्वभावाबद्दल होत्या. तक्रारदार एक आत्याबाई, तक्रारदार दोन मी. मोटर जळाल्याच्या तारखा, मोबाईलवरचे निरोप, आणि माहितीपत्रकाची झेरॉक्स. त्या पत्रकात एक बाई पोत्यांच्या राशीपुढे हसत उभी आहे आणि खाली लिहिलंय, 'गृहउद्योगासाठी सर्वोत्तम'. आता म्हण म्हणावं, घरगुती वापराची मशीन. मी हिंगोलीला जाऊन तक्रार दाखल केली आणि येताना औंढ्याच्या स्टँडवर उसाचा रस प्याले. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुकानदाराच्या वकिलाचं लेखी उत्तर आलं तेव्हा मात्र रस उतरला.

त्यानं मेकॅनिकचे ते अंगठा घेतलेले कागद जोडले होते. तिन्हींवर 'मशीन मालक' म्हणून आत्याबाईंचं नाव, खाली त्यांचा अंगठा, आणि मेकॅनिकच्या अक्षरात एक ओळ: 'मालकीण सांगतात मशीन त्यांची, सून चालवते.' त्यावरून वकिलाचं म्हणणं असं की या म्हातारीनं धंदा टाकला आहे आणि सुनेला कामाला ठेवलं आहे. माणूस कामाला ठेवून धंदा करणारा हा ग्राहक नसतो, म्हणून ही तक्रार इथं चालतच नाही.

वकील मुलीनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदाच ती हसली नाही. कायदा काय म्हणतो ते तिनं सोपं करून सांगितलं. पोट भरण्यासाठी माणूस स्वतः राबून चालवतो ती वस्तू घेतली, तर तो ग्राहकच. आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीनं दुसरा कुणी वापरत असेल, तर तो वापरणाराही ग्राहक. म्हणजे आपली बाजू पक्की आहे. फक्त एक गोष्ट लागेल. मशीन सुनेची आहे, ती स्वतःच्या कमाईसाठी स्वतः चालवते, आणि माझं फक्त नाव आहे, असं आजींना सांगावं लागेल. प्रतिज्ञापत्रावर आणि विचारलं तर तोंडानंही.

अख्ख्या गावाला जे त्या गेलं वर्षभर उलटं सांगत होत्या, ते त्यांना हिंगोलीत जाऊन सुलटं सांगायचं होतं. आणि ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं मी.

मी त्यांना रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजी मी इतके दिस खोटं बोलले, आसं म्हनायचं तुला?" त्या म्हणाल्या आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा ठेवला तर प्यायच्या, पण कप उचलून मोरीत स्वतः ठेवायच्या. आमच्याकडे याला भांडण म्हणतात. मीही हट्टाला पेटले. एवढं राबायचं मी, नखं पिवळी करायची मी, आणि एका वाक्यासाठी यांच्या पायाशी बसायचं? मी बसले नाही. पण झोप लागत नव्हती, हेही खरं. मशीन गेली तर गेली असती. मला ते वाक्य हवं होतं. कुणीतरी, आणि खास करून त्यांनी, ते एकदा म्हणायला हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी नुसतं विचारलं, गाडी किती वाजता. त्या प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायला वसमतला आल्या. वाचून दाखवलेलं त्यांनी ऐकलं आणि अंगठा दिला. खरं मानून दिला की चिडून, मला कळलं नाही.

तारखांवर तारखा पडत गेल्या. कायद्यात महिने लिहिलेत, आम्हाला वर्षाच्या वर लागलं. दर वेळी मी हट्टा ते वसमत, वसमत ते औंढा, औंढा ते हिंगोली करायचे, आणि पिशवीत भाकरी असायची. शेवटच्या सुनावणीला मी आत्याबाईंना नेलं. एसटीत त्या खिडकीशी बसल्या, मी बाजूला. काय बोलायचं ते मी त्यांना शिकवलं नाही. शिकवलेलं त्या मुद्दाम बोलल्या नसत्या.

माझं मी उभं राहून बोलले. जे घडलं तेच सांगायचं होतं, त्यात विसरण्यासारखं काही नव्हतं. माहितीपत्रकावरची ती ओळ मी मोठ्यानं वाचली. मग दुकानदाराचा वकील उठला आणि त्यानं मेकॅनिकचा कागद पुढे केला. आयोगाच्या अध्यक्षांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि खुर्चीत बसलेल्या आत्याबाईंकडे वळून साध्या आवाजात विचारलं.

"आजी, मशीन कुणाची?"

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. बसूनच सांगा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पदर नीट केला.

"बिल माझं हाय साहेब. मशीन तिची हाय. मी एक दिस बी तिला हात लावला न्हाई. मला तिचं भ्या वाटतं."

वकिलानं लगेच विचारलं, मग मेकॅनिकला आणि सगळ्या गावाला माझी मशीन म्हणून का सांगत होतात?

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला ती नजर चांगली माहीत आहे. सत्तावीस वर्षं मी तिच्याखाली काढली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यावर नव्हती.

"सून बी माझीच हाय न. मंग तिची वस्तू माझी म्हनलं, तर तुमाला काहून तकलीफ व्हायली?"

अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. वकील खाली बसला. मी माझ्या कागदांकडे बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते आत्याबाईंना दिसू द्यायचे नव्हते. परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, बराबर बोलले का. मी हो म्हटलं. मग त्या औंढ्यापर्यंत झोपल्या.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मशीन बदलून द्यावी आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्यावी, असा आदेश झाला. आदेशात मला 'स्वयंरोजगार करणारी ग्राहक' म्हटलं आहे. मी ती ओळ नवऱ्याला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, पाठ झालं.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी दुकानदार स्वतः टेम्पोतून नवी मशीन घेऊन आला. या वेळी मोटर मोठी होती, ते मी आधी तपासलं. तो आता मला ताई म्हणत होता. मशीन ओसरीत उतरवून त्यानं बिलबुक काढलं आणि विचारलं, नाव कुणाचं टाकू? सवयीनं मी आत्याबाईंचं नाव सांगितलं.

"तिचं टाका," बाजेवरून आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा बिघडली तर हिंगोलीला जायाला माझे गुडघे न्हाईत."

त्याच दुपारी त्या फाट्यावर गेल्या आणि ते बिल लॅमिनेशन करून घेऊन आल्या. माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, तुझ्या पेटीत ठेव. माझ्याकडे पेटी नव्हती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या नावाचा असा कागद कधी घरात आलाच नव्हता, तर पेटी कशाला लागणार? मी तसं म्हटलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. त्यांनी आपली पेटी उघडली आणि जुन्या बिलाशेजारी जागा केली.

अजूनही कुणी पाहुणा आला की पेटी उघडते. दोन्ही बिलं बाहेर येतात. आधी त्या माझं दाखवतात.