फान मावशी आणि काचेच्या इमारतीतली लूट

चीनमधल्या लुओयांग शहराच्या जुन्या बाजारात फान शियुचिन मावशीची जुन्या नाण्या-नोटांची टपरी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीला लागूनच. कुणाला भिंत पाडताना, शेत नांगरताना काही सापडलं की तो तिच्याकडे यायचा. ती नाण्याच्या कडेवरून नख फिरवायची, नोट उजेडात धरायची आणि तोंडावर सांगायची, "काही खास नाही. नातवाला खेळायला द्या." निम्मी माणसं शिव्या घालतच परत जायची.

दुआन काकाही तसेच गेले. चुलीमागच्या भिंतीत त्यांना चौकोनी भोकाचं तांब्याचं नाणं सापडलं होतं. मावशी म्हणाली, "खरं आहे हो, पण असली पोत्यानं मिळतात. वाडगाभर मटणाचं सूप येईल, बस."

"चोर कुठली! तुला स्वस्तात लाटायचंय!" काका तणतणत गेले.

ते परत आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. स्टेशनसमोरच्या काचेच्या इमारतीतल्या लिलाव कंपनीनं त्याच नाण्याची किंमत एका घराएवढी सांगितली होती. फक्त आधी प्रदर्शनाचा खर्च भरायचा. काकांनी बायकोच्या मोतीबिंदूसाठी साठवलेले पैसे भरले. नाणं विकलं गेलंच नाही. वर कंपनीवाले आता पुन्हा खर्च मागत होते.

मावशीचा पारा चढला. टपरीला कुलूप ठोकून ती काकांना घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो.

आत मऊ कोच, कोचांवर रुमालात पुरचुंड्या बांधून आणलेली म्हातारी माणसं. कोट घातलेला मॅनेजर गोड हसला. "मावशी, हे तज्ज्ञांचं मत आहे. लिलावात थोडं नशीबही लागतं."

"एवढं मोलाचं आहे ना? मग तूच घे. काका निम्म्या किमतीत देतात. काय हो काका?"

"देतो की! आत्ता देतो!"

"कंपनी स्वतः खरेदी करत नाही," तो म्हणाला.

मावशी कोचांकडे वळली. "ऐकलंत? घराएवढा माल निम्म्यात मिळतोय आणि हा नको म्हणतोय!"

एका बाईनं हळूच पुरचुंडी सोडून मावशीपुढे धरली. तेवढ्यात रखवालदारांनी मावशीला दंडाला धरून बाहेर काढलं. ती पायरीवरच बसली आणि एकेक जण बाहेर येऊन आपलं नाणं तिला दाखवू लागला.

चार दिवसांत कंपनी पाटीसकट गायब झाली. पोलीस चौकीत उलट आम्हालाच विचारलं, "करारावर सही तुम्हीच केलीत ना?" पैसे कुणाचेच परत आले नाहीत.

आणि संताप कशाचा येतो सांगू? फसलेलीच माणसं टपरीवर येऊन मावशीवर ओरडू लागली. "तू बोंबललीस म्हणून ते पळाले! नाहीतर आमचं विकलं गेलं असतं!" ज्यांनी नागवलं त्यांना ही माणसं अजून 'साहेब' म्हणत होती. मावशी ऐकून घ्यायची.

काकांच्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन शेवटी मुलानं कर्ज काढून केलं. त्यानंतर दुआन काका रोज सकाळी स्टूल घेऊन टपरीसमोर बसू लागले. कुणी आवाज चढवला की ते उठायचे. "तिच्यावर काय ओरडता? मीही तिला चोर म्हणालो होतो. या, माझ्याशी बोला."